आठ तारांची युकुलेली परवडणाऱ्या किमतीत घ्यायची तर

युकुलेली, म्हणजे गिटारसारख्या छोट्या तंतुवाद्याबद्दल, आर्वी तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न असा आहे : "जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चार तारांची कॉन्सर्ट युकुलेली बऱ्यापैकी वाजवता येते. शाळेच्या परिपाठाला आणि गावातल्या महिला भजनी मंडळात वाजवते. पण खंजिरी आणि टाळ सुरू झाले की माझा आवाज हरवतो. आठ तारांची युकुलेली भरीव वाजते असं ऐकलं. बजेट बारा हजारांपर्यंत. ऑनलाइन सहा हजारांच्या आसपास एक बिननावाची दिसते आहे, ती घेऊ का? की आहे तिलाच आणखी चार तारा लावून घेता येतील?"

ताई, आहे तिला आणखी चार तारा अजिबात लावू नका. कोणी सुतार किंवा गिटार दुरुस्त करणारा "देतो ना लावून, चार खुंट्या तर बसवायच्या आहेत" म्हणाला तरी नको. खुंट्या बसतील, नटला, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या हाडासारख्या पट्टीला, चार खाचा वाढवता येतील. ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे बांधतात तो तुकडा, आणि वरची फळी मात्र तीच राहील, आणि ती चार तारांच्या ताणासाठी केलेली आहे. टेनर मापाच्या, म्हणजे कॉन्सर्टपेक्षा थोड्या मोठ्या, चार तारांच्या युकुलेलीवर सगळ्या तारांचा मिळून साधारण वीस किलोंच्या आसपास ताण असतो. कॉन्सर्टवर थोडा कमी. आठ तारांची केली की हा आकडा पस्तीस-चाळीस किलोंकडे जातो. कागदाइतकी पातळ म्हणावी अशी ती फळी हा ताण दिवसरात्र सोसत राहते, तुम्ही वाजवत असा वा नसा. काही महिन्यांत ब्रिजच्या मागे फळी फुगते, पुढे खचते, आणि शेवटी ब्रिज उखडतो. तुमची चांगली चालणारी युकुलेली त्यात जाईल.

आठ तारांची घेताना पैसे कशासाठी मोजायचे, हेही यातूनच ठरतं. महागड्या वाद्यात लाकूड, कारागिरी, गोडवा या सगळ्याचे पैसे असतात. स्वस्त आठतारीत ते सगळं मिळणार नाही हे धरूनच चाला आणि तुमचा प्रत्येक रुपया ब्रिज, दांडी आणि खुंट्या यांत गेला आहे की नाही ते तपासा. आवाज तारा बदलून सुधारता येतो. दांडी वाकली किंवा ब्रिज निघाला तर मात्र दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीशी बरोबरी करतो.

आधी आठ तारा म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आठ वेगवेगळे सूर असतात. तसं नाही. सूर तेच चार : जी, सी, ई, ए. प्रत्येक सुराला दोन तारांची जोडी. तुम्ही तानपुरा पाहिला असेल तर त्यातली जोड आठवा, मधल्या दोन तारा एकाच षड्जाला मिळवलेल्या असतात. इथे चारही ठिकाणी जोड्या आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. ई आणि ए या जोड्यांत दोन्ही तारा एकाच उंचीच्या. जी आणि सी या जोड्यांत एक तार खालच्या सप्तकातली, एक वरच्या. म्हणजे जीच्या जोडीत एक जाड तार खालचा जी देते, बाजूची बारीक तार तोच जी एक सप्तक वर. बोटं तीच ठेवायची, कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या गटाचे, आकार तेच राहतात. तुमचं आतापर्यंतचं शिकलेलं काहीही वाया जात नाही.

हे वाद्य नव्या फॅशनचंही नाही. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर आणि कारागीर घेऊन रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज ऑगस्ट १८७९ मध्ये होनोलुलूला पोहोचलं. त्यांच्यासोबत आलेल्या छोट्या तंतुवाद्यांतून हवाईत युकुलेली घडली. तिच्याच बरोबरीनं टारोपॅच नावाचा थोडा मोठा भाऊ वाढला, आणि त्याला पुढे जोडीच्या आठ तारा असत. आजची टेनर मापाची आठतारी त्याच घराण्यातली.

आता तुमच्या मुख्य अडचणीबद्दल स्पष्ट बोलतो. आठ तारांनी आवाज दुप्पट होत नाही. एकसारखे दोन आवाज एकत्र आले तर कानाला ते थोडेच मोठे वाटतात, दुप्पट नव्हे. त्यातून आठतारीची वरची फळी ताण सोसण्यासाठी आतून जास्त पट्ट्या लावून जड केलेली असते, म्हणून ती चारतारीइतकी मोकळी थरथरत नाही. वाढतो तो भरणा. एक कॉर्ड मारला की खालचे, मधले, वरचे सूर एकदम उमटतात आणि जोडीतल्या दोन तारांमध्ये असलेल्या केसभर फरकामुळे आवाजाला एक झिलई येते. शाळेच्या खोलीत, पाच-दहा बायका बसून भजन म्हणत असताना, दोन खंजिऱ्या हळू वाजत असताना हा भरणा फार सुंदर लागतो. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला किंवा गावच्या सप्ताहात, खंजिरी जोरात, टाळांचे दहा जोड, ढोलकी आणि पेटी असं सगळं सुरू असेल, तर तिथे कुठलीही नायलॉन तारांची युकुलेली ऐकू येणार नाही. चार तारांची असो की आठ तारांची. तिथे मायक्रोफोन किंवा पिकअप, म्हणजे वाद्याचा आवाज अॅम्प्लिफायरला देणारं छोटं उपकरण, लागणारच.

म्हणून घेण्याआधी स्वतःला विचारा : मला आवाज मोठा हवा आहे की भरीव? नुसता मोठा हवा असेल तर बारा हजारांत आठतारीच्या मागे लागू नका. एक चांगली चार तारांची टेनर, शक्यतो आतून पिकअप बसवलेली, घ्या आणि तिला खालच्या जीची तार लावा. काही शे रुपयांच्या एका तारेनं युकुलेलीला एकदम खालचा पाया मिळतो, आणि मंडळाकडे अहुजाचा अॅम्प्लिफायर असेल तर त्याला जोडून टाकता येते. बाहेरून चिकटवायचे पिकअपही स्वस्तात मिळतात, आवाज जरा किरटा देतात पण सप्ताहात काम भागतं. मला विचाराल तर तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तुमची अर्धी गरज इथेच भागेल.

पण त्या झिलईच्या आवाजानं मन घेतलं असेल, तर मात्र दुसरं काही त्याची जागा घेत नाही. मग आठतारीच घ्या, आणि पुढचं सगळं त्यासाठी आहे.

माप टेनरचंच घ्या. टेनरची तारेची लांबी साधारण ४३० मिलिमीटर, म्हणजे सतरा इंच. कॉन्सर्टची पंधरा इंच. कॉन्सर्ट मापात आठ तारा लावलेल्या युकुलेली मिळतात, जुने टारोपॅच बरेचसे त्याच मापाचे असत, पण स्वस्त वाद्यात कॉन्सर्टच्या अरुंद दांडीवर आठ तारा म्हणजे बोटांची नुसती गर्दी. तुमचा हात कॉन्सर्टला सरावलेला आहे, टेनरवर पहिले काही दिवस एफ आणि ई मायनरला बोटं ताणावी लागतील. लवकर सवय होते. बॅरिटोनच्या मापाच्या आठतारी असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांचे सूर वेगळे लावतात आणि तारा मिळवायला तुम्हाला नागपूरच्याही पलीकडे जावं लागेल.

नटची रुंदी विचारा. चारतारीत ती साधारण ३५ मिलिमीटर असते. आठतारीत ३८च्या खाली असेल तर मी घेणार नाही. नटवर एका जोडीतल्या दोन तारांत दोन ते अडीच मिलिमीटरचं अंतर असावं. त्याहून कमी असेल तर जोरात स्ट्रमिंग करताना तारा एकमेकींवर आपटून खडखडतात. जास्त असेल तर बोटाच्या टोकाखाली एकच तार दाबली जाते, दुसरी बाजूला निसटते आणि भलताच सूर देते. विक्रेता रुंदी सांगत नसेल तर नटचा समोरून जवळचा फोटो मागा. फोटोत चारही जोड्यांमधली अंतरं सारखी दिसली पाहिजेत. स्वस्त वाद्यात खाचा हातानं आणि घाईत पाडलेल्या असतात, एक जोडी फाकलेली आणि दुसरी चिकटलेली असं सर्रास दिसतं. हे दुरुस्त होतं, नवा नट करून बसवता येतो, पण तो खर्च किमतीत धरा.

ब्रिजवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. तारा ब्रिजला बांधण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत तार ब्रिजच्या मागच्या भोकातून काढून तिथेच गाठ मारतात. या पद्धतीत सगळा ताण ब्रिज आणि फळी यांच्यामधल्या गोंदावर येतो. दुसरीत तार ब्रिज आणि फळी दोन्हींतून आरपार खाली जाते आणि गाठ फळीच्या आतल्या बाजूला अडकते. यात तार ब्रिजला उखडण्याऐवजी खालच्या आधारपट्टीला ओढून धरते. आठतारीत, आणि त्यातही स्वस्त आठतारीत, मी दुसऱ्या पद्धतीचीच निवडीन. तार बदलताना जरा कटकट होते, आवाजाच्या भोकातून बोटं घालून गाठ शोधावी लागते. ती कटकट सोसा.

गाठीच्याच पद्धतीची मिळत असेल तर एक चाचणी करा. साध्या वहीचा कागद घ्या आणि त्याचा कोपरा ब्रिजच्या मागच्या काठाखाली सरकवून बघा. कुठेही आत शिरत असेल तर ते वाद्य परत करा, मग विक्रेता काहीही म्हणो. नंतर एक सरळ पट्टी ब्रिजच्या मागे फळीवर आडवी ठेवून डोळा खाली आणून पाहा. थोडा उंचवटा चालतो, कारण ताणाखाली फळी जराशी फुगतेच. पट्टी मधल्या भागावर टेकून दोन्ही टोकांना ठळक उचलली जात असेल तर पुढचा उन्हाळा ती काढणार नाही.

हे इतकं ठासून का सांगतो, त्याचं कारण. मागे मे महिन्यात एक मुलगा मोटारसायकलवरून माझ्याकडे आठतारी घेऊन आला. नवीच होती, ऑनलाइन घेतलेली. ब्रिज मागून अर्धा उठलेला, त्याच्या फटीत नख जात होतं. "काहून निघालं हो भाऊ, मी तं हातही नाही लावला" असं तो म्हणत होता आणि ते खरं होतं. पातळ पातं गरम करून मी ब्रिज पूर्ण सोडवला आणि खाली बघितलं तर गुळगुळीत चकचकीत पॉलिश. कारखान्यात फळीला आधी पॉलिश मारलं होतं आणि ते खरवडून न काढता तसंच वर ब्रिज चिकटवून दिला होता. गोंद लाकडाला चिकटलाच नव्हता, पॉलिशला चिकटला होता. चार तारांच्या ताणावर ते कदाचित वर्षानुवर्षं टिकलं असतं. आठ तारा आणि आपला मे महिना, दोन्ही मिळून टिकत नाही. मग ब्रिजच्या मापाची जागा खरवडून कोरं लाकूड उघडं केलं, दोन्ही पृष्ठभाग जुळवले, लाकडाचा गोंद लावून शिकंजा घातला आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या. ती आता चांगली चालते. हेच काम कोणी फेव्हिक्विकनं करून देतो म्हणाला तर वाद्य त्याच्या हातात देऊ नका. एकदा तो काचेसारखा थर लाकडात मुरला की पुढचा खरा गोंद तिथे धरत नाही.

आपल्याकडच्या हवेचा मुद्दा विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही. युकुलेलीला हवेतली आर्द्रता साधारण चाळीस ते साठ टक्के मानवते. वर्धा, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. हे एकवेळ सोसलं जातं. खरा घात करतो तो कूलर. दुपारभर कूलर चालू असलेल्या बंद खोलीत हवा दमट, आणि लाइट गेली किंवा कूलर बंद केला की तासाभरात परत कोरडीठाक. लाकूड दिवसातून दोनदा फुगतं आणि आकसतं. अख्ख्या लाकडाची फळी असेल तर तिला चीर जाते, नाहीतर फळी आतल्या पट्ट्यांपासून सुटते. म्हणून या किमतीत कोणी "सॉलिड टॉप" म्हणून भुलवत असेल तर मी उलट सल्ला देईन : आपल्या हवेला प्लायची, म्हणजे लॅमिनेटची आठतारी घ्या. लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते कमी हलतं. आवाजाला थोडा कोरडेपणा येतो हे मान्य. पण जोडीच्या तारा ती उणीव बरीच भरून काढतात, आणि चाळीस किलोंच्या ओढीखाली प्लायची फळी जास्त भरवशाची. महोगनी किंवा सॅपेली लॅमिनेट असं लिहिलेलं असेल तर उत्तम.

काही जण विचारतात की आलापल्लीचं इतकं सुंदर सागवान आपल्याकडे आहे, सुताराकडून त्याचीच बनवून घेऊ का? दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही. पण सागवानात तेल असतं, गोंद धरण्याआधी त्याचा पृष्ठभाग पुसून तेल काढावं लागतं, आणि फळी पातळ केली तरी ती जडच राहते. ज्यानं आधी कधी तंतुवाद्य घडवलेलं नाही त्याच्या हातून पहिलंच वाद्य आठतारी करून घेणं हा पैशांचा आणि लाकडाचा अपव्यय आहे. जाणत्या कारागिराकडे सागवानाची दांडी करून घेतलेली मी पाहिली आहे, ती छान होती.

दांडी बघताना वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरा आणि डोक्याकडून ब्रिजकडे नजर टाका. दोन्ही काठ सरळ रेषेत दिसायला हवेत, पीळ नको. बहुतेक युकुलेलींच्या दांडीत गिटारसारखी लोखंडी सळई नसते, त्यामुळे वाकलेली दांडी चावी फिरवून सरळ करता येत नाही. मग तारेची उंची मोजा. यासाठी मोजमापाचं यंत्र लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या जवळ असते. चार कार्डं एकावर एक ठेवा, झाले तीन मिलिमीटर. बाराव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीवर (फ्रेटवर), जाड जीच्या तारेखाली ही चार कार्डं जेमतेम सरकली पाहिजेत. पाच सहज जात असतील तर आठ तारा दाबून दाबून बोटं दुखतील आणि वरच्या पडद्यांवर सूर चढे लागतील. तीनच जात असतील तर उत्तम, फक्त जोरात वाजवताना तारा खडखडत नाहीत ना ते ऐका. त्यानंतर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. एका कागदाच्या जाडीइतकी फट पुरे.

सुराची चाचणी मोबाइलवरच्या ट्यूनरनं करा. आधी मोकळी तार नीट लावा, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. बरोबर एक सप्तक वरचा तोच सूर यायला हवा. आठतारीत हे प्रत्येक तारेचं वेगळं करावं लागतं. जोडीतली दुसरी तार बोटानं किंवा कापडाच्या चिंधीनं दाबून ठेवायची. जी आणि सीच्या जोड्यांत जाड आणि बारीक अशा दोन तारा एकाच सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तारा टेकण्याच्या पट्टीवर, असल्यानं थोडा फरक राहणारच, तो सगळ्यांच्याच वाद्यांत राहतो. ई आणि ए मध्ये मात्र फरक दिसला तर खाच किंवा सॅडल चुकीचं आहे.

खुंट्या दातेरी गिअरच्याच हव्यात, आठच्या आठ. एकेक खुंटी फिरवून बघा, मध्येच सैल आणि मध्येच घट्ट लागत असेल तर ती पुढे सूर धरणार नाही. आठ खुंट्यांच्या वजनानं डोकं जड होतं आणि वाद्य मांडीवरून पुढे झुकतं. भजनाला मांडी घालून बसता तेव्हा ते फार जाणवेल. पट्टा लावायला खालच्या टोकाला बटण आहे का पाहा, नसेल तर कोणत्याही वाद्य दुरुस्तीवाल्याकडून लावून घ्या.

आता किमतीचं. नामांकित कंपन्यांच्या आठतारी टेनरमध्ये कालाची केए-८ आणि ऑस्कर श्मिटची ओयू२८टी ही नावं नेहमी पुढे येतात. दोन्ही वाजवायला सोप्या आणि बांधणीला विश्वासू. पण परदेशातून येणाऱ्या अशा आठतारी घरी पोहोचेपर्यंत वीस हजारांच्या पुढे जातील असंच धरून चला. म्हणजे तुमच्या बारा हजारांत नवी नामांकित बसत नाही. वापरलेली शोधा. आठतारी घेऊन नंतर तिचा सूर लावायचा कंटाळा आलेले लोक बरेच असतात, त्यामुळे ती पुष्कळदा कमी वाजवलेलीच विकायला येते. नागपूरला जाणं होत असेल तर बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात विचारून ठेवा, वर्धा-अमरावतीतही सांगून ठेवा. वापरलेल्या आठतारीचा एक मोठा फायदा आहे : तिनं एक-दोन उन्हाळे काढलेले असतात. जे उखडायचं ते उखडून गेलेलं असतं आणि जी शाबूत आहे तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

त्या सहा हजारांच्या बिननावाच्या युकुलेलीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. तीन अटींवर घ्या. परत करण्याची मुदत किमान आठवडाभर असावी, ब्रिज आरपार तारांचा असावा, आणि वाद्य हाती आल्यावर वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या त्याच आठवड्यात व्हाव्यात. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, परत करताना त्याचा उपयोग होतो. शक्य असेल तर मागवण्याची वेळ पावसाळा संपल्यानंतरची निवडा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीतून आलेल्या पार्सलात काय होतं ते मी पाहिलं आहे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद साठ-पासष्ट अंशांना मऊ पडायला लागतो आणि बंद गाडीत आपल्याकडे तेवढी उष्णता सहज होते. हाच नियम तुमच्या प्रवासालाही आहे. एसटीत वाद्य मांडीवर घ्या, बंद कारच्या काचेमागे किंवा डिकीत कधीही सोडू नका.

सहा हजारांच्या वाद्याबरोबर आलेल्या तारा लगेच बदला. आठतारीसाठी वेगळा संच मिळतो. इटलीच्या अक्विलाचा आणि अमेरिकेच्या डॅडारिओचा असे दोन्ही मिळतात, संचावर टेनर आणि आठ तारा असं लिहिलेलं हवं. चारतारीचे दोन संच आणून जोड्या करू नका, त्यात जी आणि सीच्या वरच्या-खालच्या तारा नसतात आणि ताणही जास्त येतो. सीच्या जोडीतली बारीक तार वरच्या सप्तकाचा सी देते, म्हणजे युकुलेलीच्या नेहमीच्या ए पेक्षाही उंच. सगळ्यांत आधी तीच तुटते. तेवढी एक तार जास्तीची घेऊन ठेवा. आणि पोलादी तार, गिटारची असो की मेंडोलिनची, चुकूनही लावू नका. मेंडोलिनलाही जोडीच्या आठ तारा असतात म्हणून लोक तो संच उचलतात. त्या संचाचा ताण पंचाहत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जातो, आणि युकुलेली तो एक रात्रही सोसणार नाही.

सूर लावण्याची पद्धत सांगतो, कारण आठतारी सोडून देणारे बहुतेक इथेच कंटाळतात. एकदम आठ तारा ट्यूनरवर लावत बसू नका. प्रत्येक जोडीतली एक तार दाबून दुसरी ट्यूनरवर लावा. अशा चार तारा झाल्या की ट्यूनर बाजूला ठेवा. मग जोडीतली उरलेली तार पहिलीबरोबर एकत्र वाजवा आणि ऐका. सुरात एक लहर येईल, वाव-वाव-वाव अशी. खुंटी हळू फिरवली की लहर सावकाश होते आणि दोन्ही एकजीव झाल्या की थांबते. तुमच्या मंडळात पेटी वाजवणारं कोणी असेल तर त्यांना हे ऐकवा, ते क्षणात ओळखतील. नव्या तारा पहिला आठवडाभर उतरत राहतात, त्यात वाद्याचा दोष नाही. रोज हलक्या हातानं तार बोटानं वर ओढून पुन्हा लावायची.

भजनाच्या पट्टीचं एक सांगून ठेवतो. महिला मंडळं बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. आठतारी एक पूर्ण सूर खाली लावून ठेवली, म्हणजे जी-सी-ई-ए ऐवजी एफ, बी फ्लॅट, डी, जी, तर सीचा आकार धरला की थेट काळी पाच मिळते. शिवाय तारांचा ताण जवळपास पाचव्या हिश्शानं कमी होतो, ब्रिजला तेवढाच दिलासा. स्वस्त आठतारी मी कायम अशीच लावून ठेवायला सांगतो. गायिका काळी चारमध्ये असतील तर नेहमीच्या जी-सी-ई-एवर पहिल्या पडद्याला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि जीचा आकार धरा. पट्टी गाठण्यासाठी तारा वर ओढू नका. अर्धा सूर वर चढवला तरी ताण बारा टक्क्यांनी वाढतो. कॅपो जाड रबराचा, मऊ दाबाचा घ्या. जोडीत एक तार जाड आणि एक बारीक असल्यानं कडक रबर जाड तारेवरच बसतो आणि बारीक तार नुसती फडफडते.

ठेवण्याची जागा म्हणाल तर टिनाच्या छपराखालची खोली आणि कूलरसमोरची भिंत सोडून कुठेही. घरातली आतली खोली, कपाटाचा खालचा कप्पा, वाद्य कापडी पिशवीऐवजी जाड अस्तराच्या बॅगेत. उन्हाळ्याच्या सुटीत आठ-पंधरा दिवस वाजवणं होणार नसेल तर सगळ्या तारा आणखी एक सूर उतरवून ठेवा. पूर्ण सैल करू नका, दांडीला ते मानवत नाही. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. मे-जूनमध्ये दांडीच्या काठावरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचायला लागली तर घाबरू नका, लाकूड आकसलं की धातूची टोकं बाहेर येतात. कोणीही दुरुस्तीवाला कानशीनं घासून देईल.

तुमची जुनी कॉन्सर्ट विकू नका. बोटांनी एकेक तार छेडत चाल वाजवायला, मुलांना शिकवायला तीच बरी, कारण आठतारीवर एकेरी तार छेडता येत नाही. जोडीच वाजते आणि चाल जरा पुसट होते. आणि आठतारी घेतल्यावर एखाद्या दिवशी वाटलंच की जड होते आहे, तर जोडीतल्या चार तारा काढून ती साधी टेनर म्हणूनही वाजवता येते. वाद्याला त्यानं काही होत नाही.

घेण्याआधी दोन-तीन वाद्यं डोळ्यासमोर आली तर त्यांचे ब्रिजच्या बाजूनं, अगदी फळीच्या पातळीवर मोबाइल ठेवून काढलेले फोटो पाठवा. समोरून काढलेल्या फोटोत फुगवटा दिसत नाही, बाजूनं काढलेल्यात लपत नाही.